होस्टिंगची डिस्क फुल झाली? आधी काय डिलीट करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

मोबाईलचं स्टोरेज भरलं की काय करायचं हे आपल्याला तोंडपाठ असतं. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उडवायचे, गुड मॉर्निंगचे फोटो साफ करायचे, झालं. पण स्वतःच्या वेबसाइटच्या होस्टिंगची जागा संपली तर? माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मी नेमकं चुकीचं काम आधी केलं.

सुरुवात साधी होती. वर्डप्रेसमध्ये फोटो अपलोड होईना. मग एका मित्राचा फोन आला, "अरे, तुला पाठवलेला मेल परत आला." मला वाटलं सेटिंग बिघडलं असेल. म्हणून फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाइल उघडली, एक ओळ बदलली आणि सेव्ह केली. पुढच्या क्षणी अख्खी साइट बंद! डिस्कवर जागाच नसल्यामुळे जुना मजकूर पुसला गेला, नवा लिहिला गेला नाही आणि फाइल शून्य बाइटची झाली. जुनी कॉपी लॅपटॉपवर होती म्हणून वाचलो.

म्हणून पहिला नियम: डिस्क फुल असताना कुठलीही फाइल एडिट करू नका, प्लगइन अपडेट करू नका, 'एक बॅकअप काढून ठेवू' म्हणून सर्व्हरवर नवा बॅकअपही काढू नका. आधी थोडी जागा मोकळी करा.

जागा खाल्ली कोणी?

मी सीपॅनेलबद्दल सांगतोय, कारण शेअर्ड होस्टिंगवर बहुतेक ठिकाणी तेच असतं. दुसरं पॅनेल असेल तर नावं बदलतील, काम तेच. मोबाईलवरून करत असाल तर ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करा. सीपॅनेलमध्ये 'डिस्क युसेज' नावाचं टूल आहे. कुठल्या फोल्डरने किती जागा घेतलीय ते तिथे दिसतं. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'हिडन फाइल्स दाखवा' हेही टिक करा, नाहीतर अर्धा पसारा दिसतच नाही.

माझा प्लॅन ५ जीबीचा, साइटवर जेमतेम ९० लेख. मला वाटलं लेखांनीच जागा भरली. पण गणित करून पाहा. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. हजार शब्दांचा मराठी लेख धरला तरी साधारण २० केबी होतो. मोबाईलने काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो, म्हणजे एका फोटोच्या जागेत असे २०० लेख बसतील! तेव्हा जागा हवी म्हणून जुने लेख डिलीट करत बसू नका.

माझ्याकडे खरा चोर निघाला बॅकअप. एक प्लगइन दर आठवड्याला बॅकअप घेऊन डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्येच ठेवत होता. वर मी अधूनमधून सीपॅनेलमधून फुल बॅकअप काढायचो, तो होम फोल्डरमध्ये पडून राहायचा. फुल बॅकअपमध्ये प्लगइनचे बॅकअपही आलेच, म्हणजे बॅकअपच्या पोटात बॅकअप. हे नुसते उडवू नका. सगळ्यात ताजा बॅकअप लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवा, उतरलेल्या फाइलचा आकार सर्व्हरवरच्या आकाराशी जुळतो का पाहा, आणि मगच बाकीचे काढा. तसंही ज्या सर्व्हरवर साइट आहे तिथेच ठेवलेला बॅकअप, अकाउंटच बंद पडलं तर काय कामाचा? अपड्राफ्टप्लससारख्या प्लगइनमध्ये बॅकअप थेट गूगल ड्राइव्हवर पाठवता येतो आणि किती जुने ठेवायचे हेही ठरवता येतं. मी २ ठेवलेत.

एवढं डिलीट करूनही आकडा हलला नाही, तेव्हा मी चक्रावलो. कारण सोपं होतं. फाइल मॅनेजरमध्ये डिलीट केलेली फाइल आधी 'ट्रॅश'मध्ये जाते आणि तिथेही जागा घेतच राहते. 'व्ह्यू ट्रॅश'मध्ये जाऊन ते रिकामं करावं लागतं.

यानंतर 'एरर लॉग' नावाच्या फाइल्स शोधा. एखादा प्लगइन बिघडला की ही फाइल गुपचूप वाढत जाते. बिनधास्त डिलीट करा, पण शेवटच्या ओळी आधी वाचून घ्या. दोषी प्लगइनचं नाव तिथेच असतं. तो दुरुस्त केला नाही तर फाइल पुन्हा फुगणार.

मेल आणि फोटो

मेलबॉक्सही त्याच जागेत असतात हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. 'ईमेल डिस्क युसेज' टूलमधून एक वर्षापेक्षा जुने मेल एकदम काढता येतात. पण जरा थांबा. मोबाईलमध्ये तो मेल आयमॅपने जोडला असेल, तर सर्व्हरवरून काढलेला मेल मोबाईलमधूनही जातो. बिलं, करारांचे मेल आधी बाजूला काढा. स्पॅम आणि ट्रॅश मात्र खुशाल साफ करा.

आता फोटो. वर्डप्रेस एका मोठ्या फोटोपासून वेगवेगळ्या आकारांच्या सहा-सात प्रती बनवतं आणि मूळ फोटोही ठेवतं. थीमने आपले आकार जोडले तर आणखी. म्हणून न वापरलेले फोटो काढायचे असतील तर मीडिया लायब्ररीतून काढा, म्हणजे त्याच्या प्रतीही जातात. अपलोड्स फोल्डरमध्ये शिरून अंदाजाने डिलीट केलंत, तर लेखांमध्ये फोटोंच्या जागी तुटलेले चौकोन दिसतील. पुढच्या वेळेपासून फोटो १२०० ते १६०० पिक्सेल रुंदीचा करून, वेबपीमध्ये बदलूनच टाका. वर्डप्रेस ५.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, वेबपी चालतं. व्हिडिओ तर होस्टिंगवर ठेवूच नका, यूट्यूबवर टाकून लिंक द्या.

डेटाबेसमधल्या जुन्या रिव्हिजन काढल्या तर थोडी जागा सुटते, पण हे काम शेवटी करा. 'ऑप्टिमाइझ टेबल' चालवताना सर्व्हर टेबलची नवी प्रत बनवतो, त्यालाही तात्पुरती मोकळी जागा लागते.

जीबी शिल्लक, तरी फुल?

असंही होतं. होस्टिंगवर फाइल्सच्या संख्येचीही मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर आणि बहुतेक सर्व्हरवर प्रत्येक मेलही एक आयनोड खातो. इथे मोठा बॅकअप काढून काही उपयोग नाही, तो एकच आयनोड. हजारो बारीक फाइल्सवाला कॅशे फोल्डर, टेस्टसाठी बनवलेली साइटची जुनी कॉपी आणि स्पॅम मेल हे तीन आधी बघा. कॅशे प्लगइनच्याच बटणाने साफ करा.

माझं अकाउंट ४.९ जीबीवरून १.६ वर आलं. मेल यायला लागले, पण मधल्या काळात परत गेलेले मेल काही आले नाहीत. ते पाठवणाऱ्यांना एकेक फोन करून पुन्हा मागवावे लागले.