जुन्या फाइलीतला मसुदा

सरकारी कचेरीत नवा प्रस्ताव सहसा कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. मागील वर्षीची फाइल मागवायची, तिच्यातील मसुदा उचलायचा, तारखा व रकमा बदलायच्या. नोकरीत मीही हेच करीत आलो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. एकदा केलेल्या श्रमांचा लाभ पुन्हा घेता येतो. संगणकाच्या आज्ञावलींचा इतिहास वाचताना मात्र या सवयीची दुसरी बाजू ध्यानात आली.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. तेथे बेल प्रयोगशाळेच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी विचार मांडला, की कारखानदार जसे तयार सुटे भाग निवडून यंत्र जुळवतो, तशी आज्ञावलीही तयार घटकांतून जुळवता यावी. उदाहरण त्यांनी त्रिकोणमितीतील साइन काढणाऱ्या घटकाचे घेतले. सर्वांसाठी एकच घटक त्यांना नको होता. कोणाला अचूकता हवी, कोणाला वेग. म्हणून प्रत्येक घटकाचे गुणधर्म नोंदवलेली यादी हवी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे घटकांचा पुनर्वापर सर्वत्र रूढ झाला. नोंदीचा आग्रह मात्र अनेकदा मागे पडला.

त्याची किंमत ४ जून १९९६ रोजी दिसली. फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण प्रथमच झेपावले आणि सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली एरियान-४ वरून घेतलेली होती. जुन्या अग्निबाणाचा क्षितिजसमांतर वेग मर्यादित असे, म्हणून त्याच्याशी निगडित एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावेल असे धरले होते. नवे अग्निबाण अधिक वेगाने आडवे वळले आणि संख्या मावेनाशी झाली. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने ती आधीच बंद पडली होती. विशेष म्हणजे, हे गणित करणाऱ्या भागाचा एरियान-५ ला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता. त्याबरोबर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गेले.

प्रशासनात असा घटक म्हणजे आधारची ओळख-पडताळणी. पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. पुढे बँका, निवृत्तिवेतन, शिधावाटप यांना तीच पडताळणी जोडण्यात आली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु बोटांचे ठसे स्पष्ट उमटतील हे गृहीतक आयुष्यभर माती-दगडांत राबलेल्या हातांना लागू पडतेच असे नाही. बँकेत ठसा जुळला नाही तर खातेदाराची गैरसोय होते. शिधादुकानात जुळला नाही तर चूल थांबते. म्हणूनच तेथे पर्यायी मार्गांची तरतूद करावी लागली.

एकदा मैदानी भागातील कंत्राटाची मुदत मी डोंगराळ भागाच्या निविदेत तशीच राहू दिली होती. हिवाळ्यात तेथील रस्ते बंद असतात, हे त्या कलमाला ठाऊक नव्हते. मी विचारायला हवे होते. काम लांबले. तेव्हापासून जुना मसुदा उचलताना समासात एक ओळ लिहितो : हे मूळ कोठल्या परिस्थितीसाठी लिहिले होते?