टांकसाळ-निश्चिती : पुणे व मुंबई येथील चांदीची नाणी

जुने नाणे कोणत्या टांकसाळीत पाडले गेले, हे त्यावरील लेख, चिन्ह, घडण, वजन व कस (धातूची शुद्धता) यांवरून ठरविणे म्हणजे टांकसाळ-निश्चिती. आज हा नाणकशास्त्राचा, म्हणजे नाण्यांच्या अभ्यासशास्त्राचा विषय असला, तरी पेशवाईत तो सराफाच्या रोजच्या व्यवहाराचा भाग होता; कारण निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांचा कस सारखा नसे आणि रुपया कोठला आहे हे पाहूनच त्यावर बट्टा, म्हणजे अदलाबदलीच्या वेळी करावयाची कपात, आकारला जाई. रुपयांची लोकप्रचलित नावेही याच गरजेतून रूढ झाली : अंकुशी हे नाव नाण्यावरील चिन्हावरून, चांदवडी हे नाशिककडील चांदवडच्या टांकसाळीवरून, तर बागलकोटच्या रुपयाचे मल्हारशाही हे नाव मल्हार भिकाजी रास्ते यांच्यावरून पडले.

मराठी मुलखातील बहुतेक रुपये मोगल बादशहाच्या नावाने आणि फार्सी लेखात पाडले जात, त्यामुळे नाण्यावरील राजाच्या नावावरून टांकसाळीचा बोध होत नाही. नाण्याच्या एका बाजूस बादशहाचे नाव व दुसऱ्या बाजूस जुलूस, म्हणजे त्याच्या राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष, कोरलेले असते आणि ‘जर्ब’ (पाडले) या शब्दाला जोडून टांकसाळीचे नाव येते. पुण्याच्या टांकसाळीचे नाव मुहियाबाद पुणे असे आढळते. औरंगजेबाने १७०३ च्या सुमारास आपला नातू मुही-उल-मिल्लत याच्या नावावरून पुण्यास मुहियाबाद हे नाव दिले होते. नाशिकच्या नाण्यांवर गुलशनाबाद, मिरजेच्या नाण्यांवर मुर्तजाबाद आणि चांदवडच्या नाण्यांवर जाफराबाद ही नावे याच रीतीने येतात, म्हणून आजच्या गावाचे नाव नाण्यावर शोधणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही.

यातील खरी अडचण घडणीची आहे. हातोड्याने नाणे पाडताना चांदीची चकती खालच्या व वरच्या ठशांच्या मध्ये धरली जाई आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने लेखाचा थोडाच भाग तिच्यावर उमटे. टांकसाळीचे नाव काठाशी असल्यामुळे नेमके तेच अनेकदा चकतीबाहेर जाई. अशा नाण्यांची ओळख चिन्हावरून करावी लागते. अंकुश, म्हणजे हत्तीला आवरण्याचे टोकदार साधन, ज्या रुपयांवर ठळकपणे कोरलेले असते, ते पुण्याचे मानले जातात. परंतु चिन्ह हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही. अंकुश इतर टांकसाळींच्या नाण्यांवरही आढळतो आणि बाजारात पत असलेल्या नाण्याची चिन्हे दुसरीकडे उचलली जात. म्हणून अक्षरांचे वळण, ठिपक्यांची व फुलांची मांडणी आणि चकतीची जाडी यांची तुलना पूर्ण लेख उमटलेल्या नमुन्यांशी करणे अपरिहार्य ठरते. १८१८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीनेही पुण्यात अंकुशी रुपये पाडणे चालू ठेवले. त्यांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरली जाणारी कालगणना, येतो आणि त्यात सुमारे ५९० मिळविले असता इसवी सन मिळतो. फसली १२३० चा अंकुशी रुपया त्यामुळे पेशव्यांचा नसून कंपनीच्या अमलातील ठरतो, हा भेद विक्रेते पुष्कळदा डावलतात.

नाण्यावर स्पष्ट वाचता येणारे नावही दिशाभूल करू शकते. कंपनीने मुर्शिदाबादचे नाव आणि जुलूस १९ हे गोठविलेले वर्ष असलेले रुपये कलकत्त्यात, तर सुरतेचे नाव व जुलूस ४६ असलेले रुपये मुंबईत पाडले. तेथे यंत्राने केलेली कड व बारीक गुप्त चिन्हे यांवरच निर्णय करावा लागतो. १८३५ च्या नाणे कायद्याने १८० ग्रेन (११.६६ ग्रॅम) वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला एकच रुपया कंपनीच्या मुलखात लागू झाला, तेव्हा बट्ट्यासाठी टांकसाळ ओळखण्याची गरज सरली. पुढील काळात मुंबईच्या रुपयावर ठिपका किंवा इंग्रजी बी हे अक्षर आढळते, तर कलकत्त्याचा रुपया बहुधा चिन्हाविना असतो. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईचा ठिपका मागील बाजूस तळाच्या कमळाखाली पाहावा.

मुंबईच्या टांकसाळीने डॉलरही पाडले, ही बाब मराठी वाचकांत फारशी परिचित नाही. २६ जून १८९३ रोजी भारतातील टांकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देण्यास बंद झाल्या. तिकडे हाँगकाँग व मलाया भागात मेक्सिकोच्या डॉलरची चणचण होती. १८९५ पासून मुंबईत ब्रिटिश व्यापारी डॉलर पाडला जाऊ लागला. त्याचे वजन २६.९५ ग्रॅम, चांदी हजारात ९०० भाग आणि व्यास सुमारे ३९ मिलिमीटर असून, एका बाजूस हाती त्रिशूळ व ढाल घेतलेली ब्रिटानिया उभी आहे, तर दुसऱ्या बाजूस चिनी व मलायी लिपींत मूल्य लिहिलेले आहे. मुंबईचे बी हे अक्षर त्रिशूळाच्या मधल्या टोकावर खोलगट उमटविलेले असते आणि ते भिंगाशिवाय सहज दिसत नाही. कलकत्त्याचे सी हे अक्षर ब्रिटानियाच्या डाव्या पायाजवळ, ढालीच्या तळाशी येते. लंडनमध्ये १९२५ व १९३० साली पाडलेल्या नाण्यांवर अक्षर नसते. चिनी व्यापाऱ्यांनी पारख करून मारलेले ठसे (चॉप) मात्र टांकसाळीची चिन्हे नव्हेत. मराठी सराफांच्या पारखखुणांसंबंधीही हेच लागू आहे.

अभ्यासाच्या साधनांत येरवडा येथील डेक्कन कॉलेजचे स्थान मोठे आहे. १८२१ मध्ये सुरू झालेली ही संस्था १९३९ पासून पदव्युत्तर संशोधनकेंद्र असून, तिच्या मराठा इतिहास संग्रहालयात द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांनी साताऱ्यात जमविलेला संग्रह आहे. तेथे शिकविल्या जाणाऱ्या पुरातत्त्वविद्येच्या दृष्टीने नाणे सापडल्याचे स्थळ आणि ते पाडल्याचे स्थळ या दोन स्वतंत्र नोंदी होत; चांदवडी रुपया पुण्यातील उत्खननात मिळाला, तर त्याने टांकसाळीऐवजी व्यापाराचा मार्ग कळतो. पुण्यातील पेशवे दप्तर आणि नाशिकजवळील आंजनेरीच्या संस्थेने प्रकाशित केलेला माहेश्वरी व विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरील ग्रंथ (१९८९) ही यापुढची साधने आहेत.

निश्चितीला एक कायमची मर्यादा आहे : वितळविलेल्या नाण्याचे मूळ कळत नाही. पिटमन कायद्यान्वये १९१८ पासून अमेरिकेने सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी भारतातील रुपयांसाठी ब्रिटनला विकली. फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को, न्यू ऑर्लिअन्स व कार्सन सिटी येथील नाण्यांची चांदी अशी एकत्र झाली आणि तिचे रुपये झाले, त्यामुळे त्या वर्षांच्या रुपयावर मुंबईचा ठिपका तेवढा वाचता येतो.