स्पीकरचे घरगुती स्टँड : वजन हवे, पण तळाशी

संगीताची आवड असलेल्या घरांत चांगले स्पीकर हौसेने विकत घेतले जातात आणि नंतर पुस्तकांच्या कपाटात, टीव्हीच्या टेबलावर किंवा शोकेसच्या कप्प्यात बसवले जातात. लहान स्पीकरना ‘बुकशेल्फ’ हे नाव पडल्याने तर त्यांची जागा फळीवरच, असा समज दृढ झाला आहे. प्रत्यक्षात या जातीचे बहुतेक स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे, मोकळ्या जागेत आणि श्रोत्याच्या कानाच्या पातळीवर ठेवले, तरच त्यांचा खरा आवाज ऐकू येतो. त्यासाठी लागणारे वजनदार स्टँड घरीही तयार करता येतात. सुतारकामाची जुजबी माहिती आणि एक-दोन सुट्ट्यांचे दिवस एवढे भांडवल पुरेसे आहे. मात्र पाच-सहा किलोची पेटी दोन फुटांहून अधिक उंचीवर उभी करताना वजन किती घालावे यापेक्षा ते कोठे घालावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

स्टँड कशासाठी?

लहान स्पीकरचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७०च्या दशकात तयार केलेला ‘एलएस ३/५ए’. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मोठा स्पीकर मावत नसे, म्हणून जेमतेम ३० सेंमी उंचीची आणि सुमारे पाच किलो वजनाची ही पेटी जन्माला आली. पुढे ती घरगुती श्रोत्यांतही लोकप्रिय झाली. एवढी लहान पेटी दिवाणखान्यात कानाच्या पातळीवर आणायची, तर स्टँडला पर्याय नव्हता.

स्टँडचे पहिले काम उंची देण्याचे. ट्वीटरमधून निघणारे उंच स्वर खालच्या स्वरांच्या मानाने अरुंद पट्ट्यात पसरतात. स्पीकर गुडघ्याच्या पातळीवर असेल, तर हे स्वर कानांना बगल देऊन जातात. दुसरे काम अंतर राखण्याचे. भिंत, कोपरा किंवा टेबलाचा पृष्ठभाग जवळ असला की खर्जाचे स्वर फुगतात. एका मोठ्या पृष्ठभागाच्या सान्निध्याने ही वाढ सहा डेसिबलपर्यंत जाऊ शकते. पुरुष गायकाचा आवाज घुमल्यासारखा वाटतो, तबल्याच्या डग्ग्याचा बोल लांबतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते. तिसरे काम स्थैर्याचे. वूफरचा पडदा पुढे झेपावताना पेटीला मागे ढकलतो. हलणारा भाग दहा ग्रॅमचा आणि पेटी सहा किलोची धरली, तर पडदा ५ मिमी सरकताना पेटी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी हलेल. हे हलणे नगण्य आहे. खरा उपद्रव होतो तो डगमगणाऱ्या स्टँडचा आणि स्वतःच वाजणाऱ्या पोकळ नळीचा. नळीत वाळू भरली की कणांच्या परस्पर घर्षणात कंपनांची ऊर्जा जिरते आणि नळी मुकी होते.

वजनाचे गणित

उदाहरणादाखल ३० सेंमी उंचीचा, सहा किलोचा स्पीकर ६५ सेंमी उंच स्टँडवर ठेवला आहे, स्टँडचा तळ ३० सेंमी रुंद आणि रिकाम्या स्टँडचे वजन तीन किलो आहे, असे मानू. या जोडणीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ६२ सेंमीवर येतो. स्पीकरच्या माथ्याशी साधारण दीड किलो वजनाइतका आडवा जोर लागला, तरी स्टँड कलंडू लागतो. नळीत साडेसात किलो वाळू भरली की गुरुत्वमध्य ४९ सेंमीवर उतरतो. पण वाळूऐवजी तळाला अवघ्या सहा किलोची कडप्प्याची फरशी जोडली, तर तो थेट ३९ सेंमीवर येतो. वाळू आणि फरशी दोन्ही असतील, तर कलंडण्यासाठी साडेतीन किलोच्या आसपास जोर लागतो. तळाची फरशी ४० सेंमी रुंद केली, तर हाच आकडा साडेपाच किलोपर्यंत जातो.

निष्कर्ष उघड आहे. नळीतील वाळू आवाजासाठी, तळाची फरशी आणि तिची रुंदी सुरक्षिततेसाठी. घरात रांगणारे किंवा धरून उभे राहणारे मूल असेल, तर रुंद तळाशी तडजोड करू नये आणि तरीही स्टँड त्याच्या वाटेत ठेवू नये.

साहित्य आणि मापे

प्रथम नेहमीच्या जागी बसून जमिनीपासून कानाची उंची मोजावी. त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतचे अंतर वजा करावे. उरेल ती स्टँडची उंची. कान ९० सेंमीवर आणि ट्वीटर २५ सेंमीवर असेल, तर स्टँड ६५ सेंमीचा हवा. गादी-तक्क्यांची भारतीय बैठक असेल, तर तो आणखी ठेंगणा लागेल. बाजारातील ठरावीक मापापेक्षा घरगुती स्टँड सरस ठरतो तो येथेच.

खांबासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, सांडपाण्यासाठी वापरला जाणारा ११० मिमीचा जाड पीव्हीसी पाइप उत्तम. ६० सेंमी लांबीत सुमारे साडेसात किलो कोरडी वाळू मावते. वरची आणि खालची फळी १८ मिमी जाडीच्या चांगल्या प्लायवूडची असावी. वरची फळी स्पीकरच्या तळापेक्षा किंचित लहान ठेवावी, म्हणजे तिच्या कडेवरून आवाज परावर्तित होत नाही. तळासाठी कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा मार्बलवाल्याकडे उरलेल्या मालातून मिळू शकतो. ३० सेंमी चौरस आणि अडीच सेंमी जाड कडप्पा सुमारे सहा किलो भरतो. याखेरीज दहा मिमीची आटे असलेली सळई, नट, रुंद वॉशर, सिलिकॉन सीलंट आणि दगड चिकटवण्याचे इपॉक्सी लागेल.

वाळू नदीची, धुतलेली आणि चाळलेली असावी. समुद्राची किंवा खाडीची वाळू वापरू नये. तिच्यातील मीठ ओल धरते आणि सळई गंजवते. वाळू उन्हात दोन-तीन दिवस पसरून वाळवावी. त्यातील मूठभर काचेच्या बरणीत घालून झाकण लावून उन्हात ठेवावी. आतून दव जमले, तर वाळू अजून ओली आहे असे समजावे. शिशाच्या गोळ्या वाळूहून कितीतरी जड असल्या, तरी शिसे विषारी असल्याने घरात टाळलेलेच बरे. सिमेंट भरू नये. त्यात कणांचे घर्षण नाही आणि स्टँड पुन्हा उघडताही येत नाही.

जोडणी

पाइप काटकोनात कापला नाही, तर स्टँड कायमचा तिरका राहतो. सरळ कडेचा कागद पाइपभोवती गुंडाळून कडा एकमेकींवर जुळवाव्यात आणि त्या रेषेवर खूण करून कापावे. दोन्ही फळ्यांवर पाइपच्या जाडीची, चार-पाच मिमी खोल वर्तुळाकार खाच सुताराकडून पाडून घ्यावी आणि मध्यभागी सळईसाठी छिद्र करावे. खालच्या फळीच्या खालच्या अंगाला नट बुडेल एवढा खळगा हवा.

सळई खालच्या फळीत घट्ट करावी, खाचेत सीलंट भरून पाइप बसवावा आणि एक दिवस सुकू द्यावे. मग फळीखाली कडप्पा इपॉक्सीने चिकटवावा. दुसऱ्या दिवशी वाळू थोडी थोडी ओतावी आणि प्रत्येक वेळी पाइपवर हाताने थोपटावे, म्हणजे ती खाली बसते. काठोकाठ भरल्यावर वरची फळी ठेवून नट आवळावा. बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ नाद न येता बद्द आवाज आला, की भरणी नीट झाली.

लाकडी जमिनीवर किंवा जाड गालिच्यावर अणकुचीदार पाय उपयोगी पडतात. आपल्याकडील टाइल्सवर मात्र ते ओरखडे पाडतात. तेथे कडप्प्याच्या चारही कोपऱ्यांखाली रबरी गट्टू पुरेसे आहेत. स्पीकर आणि फळी यांच्यामध्ये चार कोपऱ्यांत चिकट पुटीचे वाटाण्याएवढे गोळे ठेवावेत, म्हणजे स्पीकर घसरत नाही.

मांडणी

स्टँड हलवताना आधी स्पीकर उतरवावा. एकेका स्टँडचे वजन सोळा किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे तो दोघांनी मिळून, तळाला धरून उचलावा. वायर खांबाच्या मागून खाली आणून भिंतीलगत न्यावी. पायात अडकलेली वायर भक्कम स्टँडवरचा स्पीकरही खाली आणते. सुरुवातीला स्पीकर भिंतीपासून ३० ते ६० सेंमी पुढे ठेवून परिचित ध्वनिमुद्रण ऐकावे आणि एका वेळी थोडेच अंतर बदलावे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा नाद फुगीर वाटू लागला तर पुढे, क्षीण वाटला तर मागे. ऐकू येणारा बहुतेक फरक उंचीचा आणि या अंतराचाच असतो. वजनाने आवाजात जादू होत नाही. जागा नेमकी ठरल्यावर स्पीकरला तेथे न डगमगता उभे ठेवणे, एवढेच त्याचे काम आहे.