बरोबर उत्तर, शून्य गुण

नववीतला तो तास आठवतो का? बाईंनी तांबे, ॲल्युमिनियम, पितळ आणि लोखंड यांच्या सळ्यांना मेणाने टाचण्या चिकटवल्या आणि मध्ये स्पिरिटचा दिवा पेटवला. तांब्यावरच्या टाचण्या सगळ्यांत आधी पडल्या, लोखंडावरच्या सगळ्यांत शेवटी. पुढे फळ्यावर वीज वाहून नेण्याचा क्रम लिहिला, तर तोही तांबे, ॲल्युमिनियम, पितळ, लोखंड असाच!

त्याच वर्षी चाचणीत माझ्या एका गणिताचं उत्तर बरोबर असूनही बाईंनी शून्य दिलं. मी दोन ठिकाणी चुकले होते आणि दुसऱ्या चुकीने पहिली झाकली गेली होती. मी आईला घेऊन भांडायला आले होते. या दोन आठवणींचा संबंध मला पुढे इंजिनिअरिंगला असताना कळला.

१८५३ साली वीडेमान आणि फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की एकाच तापमानाला धातूच्या उष्णता वाहकतेला विद्युत वाहकतेने भागलं, तर बहुतेक धातूंसाठी जवळपास एकच संख्या येते. १८७२ मध्ये डेन्मार्कच्या लोरेंझ यांनी ही संख्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते, हे सांगितलं. पण असं का, याचं उत्तर नव्हतं.

१८९७ मध्ये थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि १९०० मध्ये पाउल ड्रूड यांनी उत्तर मांडलं. धातूत इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंसारखे मोकळे धावतात. वीज तेच नेतात आणि उष्णताही तेच. हमाल एकच, म्हणून दोन्ही वाहकतांचं प्रमाण ठरलेलं. (हिऱ्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तो वीज नेत नाही. पण अणूंच्या जाळीच्या कंपनांमुळे उष्णता मात्र तांब्याहूनही चांगली नेतो.) ड्रूड यांचा आकडा मोजमापाशी सुरेख जुळला.

जुळला, कारण ते चुकले होते. विद्युत वाहकता काढताना ती निम्मी आली, त्यामुळे गुणोत्तर दुप्पट झालं. १९०५ मध्ये हॉलंडच्या लोरेंट्झ यांनी (नाव सारखं, माणूस वेगळा) हेच गणित अधिक काटेकोर केलं, तर उत्तर मोजमापापासून दूर गेलं!

उलगडा झाला १९२७-२८ मध्ये. सोमरफेल्ड यांनी नव्या पुंजसिद्धांताचा वापर केला. नेहमीच्या तापमानाला उष्णता घेऊ शकणारे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात, म्हणून त्यांची उष्माधारकता ड्रूड यांच्या अंदाजाच्या साधारण शंभरावा भाग. पण त्यांच्या वेगाचा वर्ग मात्र सुमारे शंभर पट. दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. हमाल एकच, ही ड्रूड यांची मूळ कल्पना टिकली. पायऱ्या मात्र बदलाव्या लागल्या.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममधल्या एका नवीन मुलीने मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधली एक चूक दुरुस्त केली आणि वर्षानुवर्षं जुळणारी बेरीज बिघडली. मी सगळ्यांसमोर तिला बोलले. संध्याकाळी पाहिलं, तर दुरुस्ती बरोबर होती. माझीच दुसरी चूक तिच्या चुकीशी नव्हे, माझ्याच पहिल्या चुकीशी इतकी वर्षं जोडी जमवून बसली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोरच तिची माफी मागितली.

एक माफी मात्र राहिली होती. बाई, त्या दिवशी तुम्ही आईला शांतपणे वही उघडून एकेक पायरी दाखवलीत आणि मी तोंड फिरवून उभी राहिले. ते शून्य बरोबर होतं. तक्रार मागे घेते.