गेवराई
बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील तालुक्याचे ठिकाण व नगरपरिषदेचे शहर. बीडच्या उत्तरेस सु. 35 किमी., धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर (क्र. 52, जुना क्र. 211) वसलेले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही गेवराई नावाची गावे आहेत, ती निराळी. शहर विद्रुपा नदीकाठी असून चिंतेश्वराचे देवस्थान येथे आहे. तालुक्याची उत्तर सीमा गोदावरीची. तिला इथले लोक गंगाच म्हणतात आणि काठच्या काळ्या, सखल पट्ट्याला गंगथडी. तालुक्याचा इतिहास शहराच्या पेठेत कमी आणि या थडीवरच्या घाटांवर व उतारांवर अधिक घडला आहे.

राक्षसभुवनची लढाई : पानिपतानंतर मराठी सत्ता सावरली ती याच तालुक्याच्या भूमीवर, 10 ऑगस्ट 1763 रोजी. आदल्या वर्षी, नोव्हेंबर 1762 मध्ये, राघोबादादाने निजामाची मदत घेऊन आळेगाव येथे पुतण्याला, माधवराव पेशव्यांना, नमवले होते. कारभार हाती आल्यावर दादाने जुन्या सरदारांना दुखवले. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन आणि नागपूरकर जानोजी भोसले निजामाला जाऊन मिळाले, आणि 1763 मध्ये निजामअलीच्या फौजेने पुणे लुटून जाळले. मराठ्यांनी समोरासमोर न भिडता निजामाच्या मुलखात खंडण्या घेत त्याला दमवले. जानोजीला मुलखाचे आश्वासन देऊन फोडले. पावसाळा तोंडावर आला तसा निजाम औरंगाबादेकडे वळला.

वाटेत गोदावरी होती. निजामअली काही फौजेनिशी उत्तर तीरावर उतरला. दिवाण विठ्ठल सुंदर, किताबाने राजा प्रतापवंत, उरलेली फौज घेऊन दक्षिण तीरावर राक्षसभुवनापाशी मागे राहिला. नदीला पाणी चढलेले. मराठे तेथे येऊन थडकले. पहिल्या झटापटीत राघोबादादाचा हत्ती वेढला गेला. माधवरावांनी राखीव फौज घालून त्याला सोडवले आणि लढाईचे पारडे फिरले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला आपल्या फौजेची वाताहत पाहावी लागली, मदत धाडता आली नाही. पुढे 25 सप्टेंबरला औरंगाबाद येथे तह झाला. मराठ्यांना उदगीरच्या विजयानंतर मिळालेला आणि मधल्या गडबडीत परत गेलेला 60 लक्षांचा मुलूख व शिवाय 22 लक्षांचा, असा एकूण 82 लक्षांचा मुलूख निजामाने पेशव्यांना दिला. माधवराव तेव्हा अवघे 18 वर्षांचे होते. कारभारावरची राघोबाची पकड सैल झाली ती येथून. अठराव्या शतकाच्या मराठी इतिहासात या लढाईला पानिपताच्या शेजारी जागा मिळायला हवी. शालेय पुस्तकांत ती दोन ओळींत उरकते.

तीर्थस्थाने : राक्षसभुवन साडेतीन शनिपीठांत गणले जाते, शनी अमावास्येला नदीकाठी मोठी गर्दी होते. गणेशाच्या एकवीस क्षेत्रांपैकी ‘विज्ञान गणेश’ हे क्षेत्रही येथलेच, त्याची स्थापना दत्तात्रेयांनी केल्याची कथा आहे. गोदापात्रातील पांचाळेश्वर महानुभाव पंथीयांचे आत्मतीर्थ होय. दत्तात्रेय प्रभू रोज येथे भोजनास येतात अशी त्यांची श्रद्धा आहे. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीतील हे स्थान असल्याने देशभरचे महानुभाव येथे येतात. तलवाडा येथे टेकडीवर त्वरितादेवीचे हेमाडपंती मंदिर असून नवरात्रात उत्सव भरतो. पूर मोठा आला की राक्षसभुवन व पांचाळेश्वर येथील मंदिरांना पाण्याचा वेढा पडतो. सप्टेंबर 2025 मध्ये जायकवाडी धरणातून सोडलेल्या पाण्याने गंगथडीची अनेक गावे बाधित झाली.

शासन : हैदराबाद संस्थानात गेवराई बीड (तत्कालीन भीर) जिल्ह्याचा तालुका होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला व 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. सध्याच्या 11 तालुक्यांच्या बीड जिल्ह्यात गेवराईचा विधानसभा मतदारसंघ आहे.

शेती व व्यवसाय : कापूस व ऊस ही मुख्य पिके. शहरात कृषी उत्पन्न बाजार समिती व सरकी काढणाऱ्या गिरण्या आहेत. जायकवाडीचा उजवा कालवा (132 किमी.) तालुक्यातून माजलगाव जलाशयाकडे जातो, गढी येथे जय भवानी सहकारी साखर कारखाना आहे. तरीही हंगामात येथील कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात.

शिक्षण व दळणवळण : शहरात र. भ. अट्टल महाविद्यालय, गढी येथे जवाहर नवोदय विद्यालय. कल्याण–निर्मल महामार्ग (क्र. 61) गढी येथे धुळे–सोलापूर मार्गाला मिळतो. गोदावरीपलीकडे शहागड (जि. जालना). तालुक्यात रेल्वे नाही. जालना हेच जवळचे स्थानक होते, सप्टेंबर 2025 मध्ये अहिल्यानगर–बीड गाडी सुरू झाल्यापासून बीड.