शखेमच्या वेशीवर

ऊन चढायच्या आत वेशीपाशी पोहोचा. दक्षिणेला गरिज्जीम डोंगर, उत्तरेला एबाल, मधल्या खोऱ्यात तटबंदीचं शखेम. आजच्या नाब्लुसच्या कडेला तेल बलाता नावाचं पांढरीचं टेकाड आहे, ते हेच. वेशीत गावचे कर्ते पुरुष जमलेत. सौदे, जमिनीचे व्यवहार, तंटे, सगळं इथंच निघतं. तुम्ही मागं भिंतीला टेकून उभे राहा.

गावाबाहेर उतरलेल्या याकोबाच्या तळावरची बोलणी तुम्ही ऐकून आला आहात. गावचा प्रमुख हमोर तिथं व्याही व्हायला गेला होता. त्याच्या मुलानं, शखेमानं, याकोबाच्या मुलीवर, दीनावर, बळजबरी केली होती आणि ती अजून त्याच्याच घरात होती. त्याबद्दल बापलेकांनी अवाक्षर काढलं नाही. मुली द्या, मुली घ्या, इथंच राहा, जमिनी करा. देज मागाल तेवढं. दीनाचे भाऊ म्हणाले, तुमच्या सगळ्या पुरुषांची सुंता करा, मग आपण एक. सुंता ही त्यांच्या पणजोबाशी, अब्राहामाशी, देवानं केलेल्या कराराची खूण. पण ती मागताना भावांनी ना अब्राहामाचं नाव घेतलं, ना देवाचं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या या 34व्या अध्यायात देवाचा उल्लेखच नाही!

आता हमोर बोलतोय. माणसं सलोख्याची आहेत, जमीन ऐसपैस आहे, अट एकच. अट ऐकून चुळबुळ होते. जाणत्या वयात ही शस्त्रक्रिया कोणाला हवी? मग तो तळावर न बोललेलं वाक्य काढतो: त्यांची गुरंढोरं, त्यांची मालमत्ता शेवटी आपल्याकडेच येणार. आणि तळावर जे घोळवून सांगितलं, की मुलाचं मन एका मुलीवर बसलंय, ते इथं गिळून टाकतो. आपल्या पोराच्या लग्नासाठी अख्ख्या गावानं अंथरूण धरायचं आहे, हे कसं सांगणार?

माना डोलतात. याकोबाची श्रीमंती सगळ्यांना दिसते आहे. भाऊ एसावाची समजूत काढायला नुसती भेट म्हणून त्यानं 200 शेळ्या आणि 200 मेंढ्या पाठवल्या होत्या. तळाची जागासुद्धा त्यानं 100 कसीटा एवढी रक्कम मोजून हमोराच्या मुलांकडूनच घेतली आहे. एकही जण विचारत नाही की ही खूण कोणत्या देवाची.

तिसऱ्या दिवशी पुन्हा या. पुरुष वेदनेनं पडून आहेत. दीनाचे सख्खे भाऊ शिमोन आणि लेवी तलवारी घेऊन शिरतात आणि एकालाही सोडत नाहीत. हमोर, शखेम, सगळे. दीनाला घेऊन ते निघतात. मग याकोबाची मुलं गाव लुटतात: मेंढरं, गुरं, गाढवं, घरातलं किडूकमिडूक, बायका-पोरं. बहिणीच्या अब्रूसाठी आलेल्यांना गाढवं कशाला हवीत, हे मला आजवर कळलेलं नाही. गुरं वेशीतून हलताहेत खरी, पण हमोरानं सांगितलं होतं त्याच्या उलट दिशेनं.

याकोब चिडतो. आसपासचे कनानी आणि परिज्जी एक होतील, आपण मूठभर, आपला निकाल लागेल. कराराच्या खुणेचा सापळा केला याबद्दल तो इथं बोलत नाही. बहिणीला वेश्येसारखं वागवू द्यायचं होतं का, असं पोरं उलट विचारतात.

पुढं बेथेलला निघायची देवाची आज्ञा होते. याकोब घरच्यांकडून परके देव आणि कानांतली कुंडलं मागून घेतो, शखेमजवळच्या झाडाखाली पुरतो. गुरं परत केल्याचं कुठंही लिहिलेलं नाही.