धुरेपासून किंगपिनपर्यंत

कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर ओझे ओढण्याचा सगळा इतिहास एकाच वेळी चालताना दिसतो. कडेने मोळ्या लादलेली टायरगाडी जाते, तिला दोन बैल. तिच्या मागून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर येतो. आणि कधीतरी वालचंदनगरच्या बाजूने ताडपत्रीत गुंडाळलेले अवजड यंत्र घेऊन बहुचाकी ट्रेलर संथपणे पुढे सरकतो. त्याच्या पुढे-मागे झेंडे दाखवणारी माणसे असतात.

पाहणाऱ्याला वाटते, बैलगाडीची सुधारित पिढी म्हणजे ट्रॉली आणि ट्रॉलीची सुधारित पिढी म्हणजे ट्रेलर. यांचे कूळ मात्र असे सरळ उतरलेले नाही. तो भलामोठा ट्रेलर बांधणीच्या तत्त्वाने बैलगाडीचा वंशज आहे, आणि या दोघांच्या मधे चालणारी ट्रॉली दुसऱ्याच घराण्यातली, चारचाकी घोडागाडीच्या वंशातली आहे. ही दोन घराणी ओळखता आली, तर मोठे ओझे ओढायला कोणते वाहन घ्यावे या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

सुरुवात दुचाकी गाडीपासून करू. लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे, त्यांवर पाटे, पाट्यांवर लोखंडी धाव. दोन चाकांमधून आस, आसावर साठी, आणि साठीतून पुढे गेलेली धूर जुवाला बांधलेली. या गाडीचा तोल दोन चाकांवर राहत नाही. तिसरा आधार बैलांच्या मानेचा असतो. म्हणून गाडी भरणे हे कौशल्याचे काम. ओझे आसाच्या मागे गेले की गाडी उलाळते, धूर वर उचलली जाते आणि बैलांच्या गळ्याला सापत्या काचतात. ओझे फार पुढे आले की सगळा दाब मानेवर. जाणता गाडीवान भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो, म्हणजे जू मानेवर नीट बसून राहते.

हे ‘किंचित’ किती, ते हिशेबानेच पाहावे. आसापासून जू साधारण तीन मीटरवर असते असे धरू. गाडीत तीन टन ऊस आहे आणि त्या भाराचा मध्य आसापुढे फक्त दहा सेंटीमीटर सरकला, तर जुवावर शंभर किलोचा दाब येतो. वीस सेंटीमीटर सरकला तर दोनशे. मोळ्या अर्धी वीत पुढे रचल्या, एवढ्यानेच बैलांच्या मानेवरचे वजन दुप्पट होते. बैलजोडी पाहताना जुनी माणसे छाती आणि खुरांइतकीच मान आणि वशिंड का न्याहाळत, ते यावरून कळते. खिल्लार बैल चालीला चपळ आणि काटक. पण जोडी निवडताना त्याच्या वेगाबरोबर तो मानेवर किती पेलेल हेही पाहावे लागे.

या भागात ओझ्याचा प्रश्न मोठा झाला तो पाण्यामुळे. भाटघरचे धरण बांधून होत असतानाच, १८८५ मध्ये, नीरा डावा कालवा वाहू लागला आणि अवर्षणाच्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला. तरी गुऱ्हाळाच्या काळात वाहतुकीचा घोर नव्हता. चरक शेताजवळ, चुलवाण शेताजवळ. बाजाराला जाई तो गूळ. साखर कारखाना आल्यावर हे गणित उलटले. ऊस तोडला की त्यातली साखर घटू लागते आणि वजनही उतरते, म्हणून तो शक्य तर दिवसभराच्या आत गव्हाणीत पडावा लागतो. गुळापेक्षा कितीतरी पटींनी जड असा अख्खा ऊस, काही कोस लांब आणि वेळेच्या आत न्यायचा. गाडीच्या पुढच्या सगळ्या सुधारणांचे मूळ या निकडीत आहे.

१९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर ऊसमळा आणि कारखाना उभा केला, तेच वालचंदनगर. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केल्यावर सहकाराची वाट रुळली, आणि बारामतीत माळेगाव व सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती असे कारखाने उभे राहिले. प्रत्येक कारखान्याभोवती गाड्यांचा तळ पडू लागला.

लाकडी चाकाला लोखंडी धाव असेपर्यंत दोन बैलांच्या ताकदीला मर्यादा होती. ती ओलांडली हवेच्या टायरने. डनलॉप कंपनीने जनावरांच्या गाड्यांसाठी खास टायर काढले; ‘एडीव्ही’ ही त्यांवरची अक्षरे आजही जुन्या गाड्यांवर दिसतात. मऊ मातीत धाव रुतते, रुंद टायर तरतो. शिवाय चाक बेअरिंगवर फिरत असल्याने घर्षण कमी. त्याच जोडीला आता कितीतरी जास्त ऊस ओढता येऊ लागला. बीड, नगरकडून येणाऱ्या तोडणी मजुरांच्या टोळ्यांची नावेही वाहनावरून पडली. स्वतःची बैलगाडी घेऊन येणारे ‘गाडी सेंटर’, कारखान्याची टायरगाडी घेणारे ‘टायर सेंटर’, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रक-ट्रॅक्टर भरणारे ‘डोकी सेंटर’. टायरने चाकाचा भार हलका केला, पण जादा भरलेल्या गाडीचा मानेवरचा दाब मात्र वाढवला. बंगळूरच्या आयआयएमचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी अनेक वर्षे चळवळ केली. बैलाचे हाल आणि वाया जाणारी त्याची शक्ती हे एकाच सदोष रचनेचे दोन परिणाम आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

आता दुसरे घराणे. चारचाकी गाडीत ओझ्याचा तोल चार चाकांवरच सांभाळला जातो. ओढणाऱ्याच्या अंगावर काही येत नाही. पण चार चाके ताठ असतील तर गाडी वळणार कशी? यासाठी पुढचा आस मधल्या खिळ्याभोवती फिरता ठेवावा लागतो. तो फिरताना डगमगू नये म्हणून युरोपातल्या बग्गी बांधणाऱ्यांनी आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये आडवे लोखंडी कडे बसवले. चाकासारखे गोल, पण रस्त्याला न लागणारे. इंग्रजीत त्याला पाचवे चाक म्हणू लागले.

आपल्या उसाच्या चारचाकी ट्रॉलीखाली वाकून पाहिले की हेच कडे दिसते. दोन पोलादी कडी एकावर एक, त्यांच्या खोबणीत गोळ्या, खाली पुढचा आस आणि त्याला जोडलेली दांडी. दांडीच्या टोकाच्या डोळ्यात ट्रॅक्टरच्या हुकाची पिन. दांडी जिकडे वळेल तिकडे पुढची चाके वळतात. म्हणून तर एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या गावातल्या वळणावरून निघून जातात. कड्यात ग्रीस नसेल तर ट्रॉली वळणावर अडते आणि टायर घासते. मात्र अशी जोडी सरळ मागे घेणे जवळपास अशक्य, कारण वळणारे सांधे एकापेक्षा जास्त झालेले असतात.

ट्रॉली ओढायला ट्रॅक्टर आला तो साठच्या दशकानंतर. आयशरने १९५९ मध्ये भारतात पहिला ट्रॅक्टर तयार केला, १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर उत्पादनासाठी कंपनी काढली. आज वाहतुकीचा करार करणारा शेतकरी पन्नास-पंचावन्न एच.पी.चा ट्रॅक्टर पाहतो आणि दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस नेतो. पारावर चर्चा होते ती एच.पी.ची. खरा अडसर मात्र बहुधा चाकाच्या पकडीचा असतो. चारचाकी ट्रॉली आपले वजन ट्रॅक्टरवर टाकत नाही; त्यामुळे पाणी दिलेल्या रानातून बाहेर पडताना मागची मोठी चाके जागीच फिरतात आणि पुढची उचलली जातात. यावर ड्रायव्हर मंडळींनी उपाय काढले आहेत. मागच्या टायरमध्ये पाणी भरायचे, नाकावर लोखंडी वजने लावायची, आणि तरीही निघाले नाही तर पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडायचा. हा शेवटचा उपाय वारकऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. तुकाराम महाराजांचा पालखी रथ पाटसहून बारामतीकडे येताना रोटी घाटात जादा बैलजोड्या लावूनच वर चढतो.

अलीकडे टायरगाड्या बैलांऐवजी छोट्या ट्रॅक्टरमागे जोडतात. लोक त्याला जुगाड म्हणतात. त्यात एक शहाणपण आहे. दुचाकी गाडी असल्याने मानेवर येणारा दाब आता ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, आणि तो मागच्या चाकांची पकड वाढवतो. बैलाला जाच असलेला दाब ट्रॅक्टरला उपकारक ठरतो. फक्त तो बेताचा हवा. जास्त झाला की ट्रॅक्टरचे नाक हलके होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

नेमके हेच तत्त्व १९१४ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये एका लोहाराने वापरले. ऑगस्ट फ्रूहॉफ हा गाड्या बांधणारा माणूस. लाकडाचे व्यापारी फ्रेडरिक सिब्ली यांना आपली होडी फोर्ड मॉडेल टी मोटारीमागून न्यायची होती. फ्रूहॉफने मागे दोनच चाके असलेली गाडी बांधली आणि तिचे पुढचे टोक मोटारीच्या मागच्या भागावर टेकवले. तिला सेमी-ट्रेलर म्हटले गेले, कारण ती अर्धीच स्वतःच्या चाकांवर होती. रचना पाहिली तर ही बैलगाडीच. मानेच्या जागी मोटारीचा मागचा आस. पुढच्याच वर्षी चार्ल्स मार्टिन यांनी हे टोक झटपट जोडता-सोडता येईल असा सांधा काढला, आणि बग्गीच्या त्या कड्याचे नाव या सांध्याला मिळाले. आज ट्रेलरच्या पोटाखाली किंगपिन असते. ती पुढच्या वाहनाच्या ग्रीस लावलेल्या ताटलीच्या खाचेत सरकते आणि जबडा बंद होतो. दोन घराण्यांची सोयरीक झाली ती इथे. भार पेलण्याची रीत बैलगाडीची, वळण्याची रीत बग्गीची.

या सोयरिकीचे फळ इंदापूर तालुक्याने पाहिले आहे. वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे डॉज व फार्गो ट्रक बाहेर पडले. आणि वालचंदनगरच्या कारखान्याने साखरेच्या यंत्रांपासून सुरुवात करून इस्रोच्या अग्निबाणांसाठी घन इंधनाच्या मोटारींची आवरणे बनवली. त्यांपैकी एलव्हीएम-३ या अग्निबाणाच्या बाजूच्या मोटारीचा व्यास ३.२ मीटर आहे. अशी नळकांडी मोठ्या ट्रेलरशिवाय हलवणे शक्य नाही. ज्या रस्त्याने ऊस जातो, त्याच रस्त्याने चांद्रयानाला उचलणाऱ्या बाणाचे भाग गेले.

अमेरिकेत हा किंगपिनचा सांधा घरगुती झाला आहे. तिथली कुटुंबे झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर असलेला ट्रेलर पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या अशाच ताटलीला जोडून महिनोन्‌महिने फिरतात. ट्रक निवडताना तिथेही बहुतेकांची नजर आधी ओढण्याच्या ताकदीकडे जाते. पण अशा ट्रेलरच्या वजनाचा पंधरा ते पंचवीस टक्के भार किंगपिनवर येतो. सहा टनांचा ट्रेलर आणि वीस टक्के धरले तर बाराशे किलो थेट ट्रकच्या पाठीवर, वर माणसे आणि सामान. लहान ट्रकचे इंजिन ते ओढूनही नेईल. पण त्याच्या स्प्रिंगा, आस आणि टायर यांची पेलण्याची मर्यादा आधीच ओलांडलेली असते. म्हणून जाणकार आधी पाठ पाहतात, मग इंजिन. बैलाची मान न्याहाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने हेच केले होते.

या कुळकथेत एक गोष्ट मात्र आपण वाटेत गमावली. बैलगाडीला उतारावर थोपवणारे दोन जिवंत ब्रेक होते. बैल मागे रेटून गाडी धरत. मोठ्या ट्रेलरला प्रत्येक आसावर हवेचे ब्रेक असतात आणि पुढच्या वाहनातून आलेल्या नळ्यांनी ते एकाच पेडलवर चालतात. मधल्या ट्रॉलीला यांतले बहुतेक वेळा काहीच नसते. वीस टनांचा सगळा रेटा दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरने एकट्याने थोपवायचा. उतारावर, ओल्या डांबरावर, समोर अचानक दुचाकी आली तर मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत नेतात, दांडीपाशी सांधा मुडपतो आणि सगळे आडवे होते. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून येऊन आदळलेल्यांची बातमी या भागात दर हंगामात वाचावी लागते.

म्हणून वाहन निवडणाऱ्याला माझे सांगणे असे. एच.पी. विचारायची ती सर्वांत शेवटी. पहिला प्रश्न, ओझ्याचा किती भार ओढणाऱ्याच्या अंगावर येणार आणि तो त्याला पेलेल का. दुसरा, हे ओझे उतारावर थांबवणार कोण. आणि हे दोन प्रश्न एकट्या शेतकऱ्यावर सोडून भागणार नाही. वाहतुकीचा करार करताना कारखाने ट्रॅक्टरची कागदपत्रे पाहतात. तशीच ट्रॉलीला ब्रेक आणि मागे रिफ्लेक्टर असल्याची अट घालावी, आणि त्यासाठी उचल द्यावी. हे तंत्र नवे शोधायचे नाही, ट्रेलरवर ते कित्येक दशके चालत आले आहे. ऊस ओढण्याची ताकद आपण मिळवली आहे. थांबण्याची सोय उसाच्या ट्रॉलीला मिळणे आता अधिक लांबवू नये.